जांभळी सावली

मी ब्रश बोलतोय. डुकराच्या राठ केसांचा, बोटभर रुंद, लांब दांड्याचा. कारखान्यात माझे केस पत्र्यात ठोकून बसवले, तेव्हाच मला कळलं, की आपला जन्म काही लाडात जायचा नाही.

मला विकत घेतलं एका मुलीने, आपल्या वडिलांसाठी. सगळा बाजार त्यांना 'पेंटर' म्हणायचा. जन्मभर त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. मग अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. डावा चालायचा, पण थरथरत. पेंटरांनी बाजारात जाणंच सोडलं.

मुलीने मला त्यांच्या डाव्या हातात कोंबलं. "बाबा, चित्रकलेच्या वर्गात तुमचं नाव घातलंय."

"अगं, या हाताने मला शर्टाचं बटण लावता येत नाही."

"ब्रश बटणापेक्षा मोठा असतो. चला."

वर्गाच्या बाई वयाने मुलीएवढ्याच. त्या सगळ्यांना कालव्याकाठच्या माळावर न्यायच्या. समोर वाळलेलं गवत, चार झाडं आणि रणरणतं ऊन. हा उन्हाळा तैलरंगात उतरवायचा होता, तोही इम्प्रेशनिस्ट पद्धतीने. म्हणजे कडा आखायच्या नाहीत. उजेड जसा भासतो तसे रंगाचे तुकडे शेजारी शेजारी ठेवायचे.

पेंटरांनी सवयीने झाडाला कड काढली आणि सावलीत काळा भरला.

"त्या सावलीत काळा कुठे दिसतोय तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"सावली काळीच असते, बाई."

"डोळे बारीक करून बघा."

पेंटर बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "जांभळी आहे हो! आजवर फसवत आली की ही मला."

पण कळणं वेगळं आणि वळणं वेगळं. रंगावर रंग घासून नुसता चिखल व्हायचा. एकदा त्यांनी मला रागाने गवतात भिरकावलं. शेजारी रंगवत बसलेले एक गृहस्थ समजुतीने म्हणाले, "असू द्या हो. थरथरीमुळे पानं हलल्यासारखी वाटतात."

बाई मात्र म्हणाल्या, "पान तुम्ही ठरवाल तेव्हा हललं पाहिजे. हात हलला म्हणून नाही."

आजारपणानंतर त्यांना सूट न देणारं पहिलं माणूस भेटलं होतं. पेंटर उठले, मला शोधून काढलं, सुरीने कॅनव्हासवरचा सगळा रंग खरवडला आणि पुन्हा बसले. आता ते कोपर गुडघ्यावर टेकवायचे. आधी बघायचे, मग रंग कालवायचे, श्वास रोखून मला टेकवायचे आणि लगेच उचलायचे. चुकलं तर खरवडायचं. ऊन सरकलं की सामान आवरायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी हजर व्हायचं.

पुरं झालेलं चित्र त्यांनी घरी आणलं. बायको अगदी जवळ जाऊन म्हणाली, "अहो, ही तर नुसती ठिपक्यांची गर्दी!"

"चार पावलं मागे हो."

ती मागे सरली. आणि नकळत तिने कपाळाशी हाताचा आडोसा धरला, उन्हात धरतात तसा.

त्या दिवशी मला साबणाने धुताना पेंटर गाणं गुणगुणत होते.

आता माझे केस एका बाजूने झिजलेत. तुमच्याकडे माझा कुणी भाऊबंद असेल, तर त्याला बरणीत डोक्यावर उभा करू नका. धुऊन आडवा ठेवा. मला निघायला हवं. पेंटरांनी आता कालव्याचं पाणी रंगवायला घेतलंय, आणि ते जमेपर्यंत मी काही झडत नाही.