वीस पावलांवरचा आवाज

कचरूदादाला जाऊन सहा वर्षं झाली होती. कावीळ झाली आणि आठ दिवसांत माणूस गेला. मागं फोटो एकच राहिला, लग्नातला, त्यातही मुंडावळ्यांनी अर्धं तोंड झाकलेलं. कोकिळावहिनी त्याबद्दल कधी बोलली नाही. पण खामगावच्या जुन्या मालगोदामात रेल्वेचं संग्रहालय उघडलंय आणि तिथं आमच्या रुळावरच्या गँगचा टेपवर भरलेला आवाज ऐकवतात, असं मी सांगितलं तेव्हा तिच्या हातातलं सूप पाखडायचं थांबलं.

"त्यायनं माह्यं नाव घेतलं होतं ना त्यात?"

"हाव," मी म्हणालो.

आमच्या अमडापुरात नवरा बायकोचं नाव घेत नाही. दादा तिला नुसतं 'अवं' म्हणायचा. लग्नात नाव घ्यायची वेळ आली तेव्हाही लाजून मांडवाबाहेर पळाला होता. अकरा वर्षांच्या संसारात तिनं त्याच्या तोंडून आपलं नाव ऐकलं नव्हतं.

दादा जलंब-खामगाव लाईनवरच्या गँगचा मुकादम. मीही त्याच गँगमध्ये. वाकडा झालेला रूळ सरळ करायचा तर आठ जणांनी त्याखाली सब्बली, म्हणजे लोखंडी पहारी, घालायच्या आणि एका दमात रेटायच्या. दम एक व्हावा म्हणून एकानं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. दुसऱ्या गँगांमध्ये काहीबाही म्हणत. दादा कीर्तनाचा वेडा, म्हणून आमचं उत्तर एकच, विठ्ठल. ओळी मात्र तो जागेवर जुळवायचा, कधी उन्हावर, कधी कोणाच्या शिळ्या भाकरीवर. आम्ही देवाचं नाव घ्यायचो आणि रूळ बोटभर सरकायचा. बुवांच्या मागं टाळकरी असतात तसेच आम्ही. ही सेवासुद्धा पांडुरंगाला पोचत असेल असं मला वाटायचं.

एकोणसत्तरच्या थंडीत एक साहेब टेपची पेटी घेऊन आला, कामाचे आवाज भरून घ्यायला. त्या दिवशी दादाला चेव चढला. एक ओळ साहेबाच्या टोपीवर झाली, एक त्याच्या मोज्यांवर, आणि शेवटी 'घरी वाट पाहे कोकिळा'. आम्हाला असं हसू फुटलं की माझी सब्बल निसटली. घरी येऊन दादा वहिनीला एवढंच म्हणाला होता, "तुह्यं नाव आज पेटीत गेलं."

सोमवारी सकाळच्या एस.टी.नं आम्ही निघालो. वहिनीनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. पिशवीत एक नारळ होता. कशाला, ते मी विचारलं नाही.

संग्रहालय सांभाळायला रहेमतुल्ला होता, आमच्या ओळखीचा, जलंबचा जुना पॉइंट्समन. भिंतीवर कंदील, झेंड्या आणि आमच्याच सब्बली, काळा रंग देऊन ओळीनं टांगलेल्या. वहिनीनं तिकडं पाहिलंही नाही. रहेमतुल्लानं तिला स्टूल दिलं आणि मशीनवर टेपची चकती चढवली.

आधी रुळाखालच्या गिट्टीची करकर. मग आठ गळ्यांचा "विठ्ठल" आणि रुळाचा खणका. मग नुसता वारा. पुन्हा "विठ्ठल". त्यात माझा तरणा आवाज मला ओळखू आला. पुन्हा वारा.

वहिनी माझ्याकडं पाहत होती. "ते कवा म्हन्तात?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. रूळ रेषेत आला की नाही हे पाहायला मुकादम वीस पावलं लांब, एक डोळा मिटून बसतो. दादा तिथूनच ओळ म्हणायचा. साहेबानं माईक ठेवला होता आमच्या पायांशी, सब्बलींजवळ. दादाचा आवाज आमच्यापर्यंत यायचा. पेटीपर्यंत आला नव्हता.

रहेमतुल्लानं आवाज वाढवून पाहिला. वाराच तेवढा मोठा झाला. साहेबाला रुळाचा खणका पाहिजे होता, रहेमतुल्ला म्हणाला, आणि दुसरी टेप नाही. साहेब कुठं बदलून गेला तेही कोणाला ठाऊक नव्हतं.

तिसऱ्यांदा लावल्यावर मी शेवटच्या उत्तराआधी बोट वर केलं. "इथं, वहिनी. आमी हासलो ना, त्याच्या जराशीक आधी."

चौथ्यांदा ती मशीनवर वाकली आणि त्या जागी तिनं श्वास धरला. वारा आला, गेला. आम्ही हसलो.

"भाऊजी, तुमीच म्हना एकडाव. ते म्हनले तसं."

मी तोंड उघडलं. इतकी वर्षं ऐकलेली चाल, पण ती गळ्यात येईना. माझ्या वाट्याला कायम उत्तरच होतं. आणि वहिनीचं नाव मी तरी कसं घेऊ? तरी घेतलं. पोस्टमन पाकिटावरचं नाव वाचतो तसं ते झालं.

"राहू द्या," वहिनी म्हणाली.

रहेमतुल्ला पाठ करून टेप गुंडाळत राहिला. नारळ तसाच परत आला.

एकादशीला देवळात कीर्तन होतं. वहिनी आली, बायकांत खांबाला टेकून बसली. बुवांनी चरण म्हटला, आमची पाळी आली. मीही टाळ वाजवून, त्या टेपवर होतं तसंच, मोठ्यानं विठ्ठल म्हटलं. सहज तिकडं पाहिलं, तर वहिनीनं पदराखालून दोन्ही कानांवर हात दाबून धरले होते.