बॅकअपकाकांची रजा

ऑफिसात त्यांना सगळे बॅकअपकाका म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते तिथेच सुखात होतं. रक्त तपासणाऱ्या एका मोठ्या प्रयोगशाळेचा डेटाबेस काका सांभाळायचे. बारा केंद्रांवरचे रिपोर्ट दिवसभर त्यात येऊन पडायचे. संध्याकाळी साडेसहाला केंद्रं बंद झाली, की काका बाह्या सरसावून बसत, एक स्क्रिप्ट, म्हणजे मशीनला द्यायच्या हुकुमांची यादी, चालवत आणि त्या सगळ्याची प्रत दुसऱ्या मशीनवर नेऊन ठेवत. अकरा वर्षं हे चाललं होतं, रविवारसुद्धा सुटला नव्हता.

आता, ठरल्या मिनिटाला स्क्रिप्ट आपोआप सुरू करणारा क्रॉन नावाचा प्रोग्राम युनिक्सच्या प्रत्येक मशीनवर असतो. काकांना तो माहीत नव्हता असं कोण म्हणेल? नव्या माणसांना ते तेच तर शिकवायचे. त्यांची एक हिरवी वही होती आणि तिच्या झेरॉक्स तीन मजल्यांवर फिरत होत्या. पहिल्या पानावर लाल शाईत लिहिलं होतं: ‘क्रॉन आपल्या घरात वाढलेला नाही. त्याला काहीच ठाऊक नाही असं धरा आणि प्रत्येक गोष्टीचा पूर्ण पत्ता द्या.’ त्याखाली: ‘पुसण्याआधी आपण कोणत्या फोल्डरमध्ये उभे आहोत ते बघा. पुसल्यावर बघून फक्त रडता येतं.’

फक्त बॅकअपची स्क्रिप्ट तेवढी क्रॉनकडे गेली नव्हती. एकदा दिली होती म्हणे, पण चालली नाही. “तिला माझ्याच हाताची सवय आहे,” काका सांगत, आणि सांगताना असा काही चेहरा करत, की जणू तान्हं मूल दुसऱ्या कुणाकडे जायलाच तयार नाही.

सोमवारी दुपारी मुलीचा फोन आला. डॉक्टरांनी बाळंतपणाची पुढच्या आठवड्यातली तारीख दिली होती.

“बाबा, शुक्रवारी येताय ना? दहा दिवस तरी राहा.”

“बघतो.”

बाबांच्या ‘बघतो’चा अर्थ ‘नाही’ असतो, हे मुलीला फार लवकर कळलं होतं. बक्षीस समारंभ, पदवीदान, नव्या घराची पहिली संध्याकाळ, सगळीकडे बाबांनी बघितलं होतं, म्हणजे गेले नव्हते. “बरं,” एवढंच म्हणून तिने फोन ठेवला. त्या ‘बरं’मध्ये राग असता तर काकांना जरा हलकं वाटलं असतं.

शेजारच्या टेबलावरच्या रिपोर्टवाल्या बाईंनी सगळं ऐकलं होतं. बाई चाळिशीच्या, जिभेने तिखट आणि मनाने सरळ.

“काका, मुलीचं पहिलं बाळंतपण आहे. जा की.”

“अगं, आणि साडेसहाला काय करायचं? बाहेरून त्या मशीनला हात लावायची सोय नाही.”

“मग आत्ताच तीनला क्रॉनला देऊन बघू. चालली तर जाल?”

आता नाही कसं म्हणणार? तीनला क्रॉनने स्क्रिप्ट सुरू केली आणि तीन वाजून एका सेकंदाला ती आडवी पडली. लॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदीत, एकच ओळ होती: कमांड सापडली नाही. काकांनी तीच स्क्रिप्ट स्वतः चालवली, तर ती निमूटपणे शेवटपर्यंत गेली.

“बघितलंस?” काका खुर्चीत मागे रेलले. खोटं कशाला बोला, त्यांना आनंद झाला होता.

बाईंनी खणातून हिरवी वही काढली, पहिलं पान उघडलं आणि काकांच्या कीबोर्डवर ठेवलं.

“लोकां सांगे ब्रह्मज्ञान,” त्या म्हणाल्या. पुढचं कोरडे पाषाण त्यांनी सौजन्य म्हणून गिळलं.

दुखणं अगदी साधं होतं. काका लॉगिन करत तेव्हा त्यांची प्रोफाइल फाइल मशीनच्या कानात सगळं सांगून ठेवायची: डेटाबेसचं सॉफ्टवेअर कुठे आहे, हत्यारं कोणत्या फोल्डरमध्ये आहेत. स्क्रिप्ट त्याच भरवशावर चालायची. क्रॉन यायचा मोकळ्या हातांनी. त्याच्या कानात कुणी काही सांगितलेलं नसायचं.

“काका, हे तुम्हाला अकरा वर्षांत कळलं नाही?”

“पहिल्याच दिवशी कळलं होतं.”

बाईंनी खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

“मुलीच्या आईला जाऊन तेव्हा महिना झाला होता,” काका वहीकडे बघत म्हणाले. “संध्याकाळी घरी जावंसंच वाटायचं नाही. इथे साडेसहाचं काम होतं. माझ्याशिवाय न होणारं. मग राहू दिलं तसंच.”

“आणि मुलगी?”

“ती असायची घरी,” काका म्हणाले, आणि आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

त्यांनी चष्मा पुसला आणि स्क्रिप्ट उघडली. प्रोफाइलमधली जी माहिती लागायची, ती स्क्रिप्टच्याच डोक्यावर लिहिली. प्रत्येक कमांडला पूर्ण पत्ता दिला. मग वहीतच सांगितलेली परीक्षा घेतली. ‘एन्व्ह मायनस आय’ लिहून स्क्रिप्ट चालवली, की काकांची सगळी माहिती काढून घेतली जाते आणि तिला एकटीला चालावं लागतं. पहिल्यांदा अडखळली, दुसऱ्यांदा अडखळली. तिसऱ्यांदा चालली.

सगळं मिळून चाळीस मिनिटं लागली. चाळीस मिनिटांच्या कामाला अकरा वर्षं लागली, हे मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

साडेसहाला काका लॉगआउट करून ऑफिसच्या पायऱ्यांवर बसले होते. बाईंच्या आणि काकांच्या फोनवर एकदमच मेल आला: प्रत पूर्ण, तपासणी बरोबर.

“झालं की हो काका!”

“झालं,” काका म्हणाले. पण जरा वाईट वाटलंच. आपल्यावाचून अडत नाही, हे सिद्ध करायला सगळे पुरावे आपणच गोळा केले होते.

पुढचे तीन दिवसही काही अडलं नाही. साहेबांनी रजेवर सही केली आणि शुक्रवारी संध्याकाळी सव्वासहाला काका मुलीच्या दारात पिशवी घेऊन उभे राहिले. मुलीने दार उघडलं आणि त्यांच्याकडे बघत राहिली. मग त्यांच्या मागे, जिन्याकडे बघितलं, जणू ते निरोप द्यायला आलेत आणि गाडी खाली उभी आहे.

“आलात?”

“आलो.”

ती आत पाणी आणायला गेली. पिशवी ठेवून काका फ्रिजपाशी आले; त्यावर एक कागद चिकटवला होता. सवयीने ते वाचू लागले. कळा सुरू झाल्यावर कुणाला फोन करायचा, नंबरासकट. जावई कामावर असेल तर गाडी कोण काढणार, त्याच्या घराच्या मजल्यासकट. खालच्या मावशींकडे किल्ली, कोणत्या खिळ्याला तेही. हॉस्पिटलचं कोणतं दार, दवाखान्याची फाइल कोणत्या कपाटात, कितव्या कप्प्यात. काही गृहीत धरलेलं नव्हतं. परका माणूस आला असता तरी त्याने त्या कागदावरून सगळं निभावून नेलं असतं. काकांच्या मनात आलं, काय सुरेख लिहिलंय! आणि लगेच लक्षात आलं, की यात आपण कुठेच नाही.

ते पुन्हा वरपासून खाली वाचत आले. नव्हते.

“माझं नाव नाही यात,” ते हळूच म्हणाले.

“तुम्ही येणार नाही असं धरूनच केलं होतं, बाबा.” तिने पेला पुढे केला. आवाजात राग नव्हता, आजही नव्हता. “सवय आहे मला.”

“चुकलं माझं,” काका म्हणाले. हे वाक्य त्यांना पहिल्यांदाच सापडत होतं. “म्हणजे इथेही माझ्यावाचून चालतंच.”

“चालतं की. अकरा वर्षं चालतंय.” ती अवघडत खुर्चीत बसली आणि शेजारची खुर्ची पायाने त्यांच्याकडे सरकवली. “चालावं म्हणून नव्हतं बोलावलं. बसा.”

काका बसले. खिशात फोन थरथरला, मेल आला असणार. तो त्यांनी बघितला नाही. साडेसहा वाजले होते आणि काका घरी होते.