हाती धरलेला अँटेना

शनिवारी संध्याकाळी साडेसातला नात टीव्हीवर दिसणार होती, आणि नेमक्या त्याच शनिवारी मुलाने मुक्काम ठोकला तो अशा दरीत, जिथे मोबाइलला एक रेघही मिळत नव्हती. यमुनाबाईंनी या योगायोगावर विश्वास ठेवला नाही. भोसरीच्या टीव्ही कारखान्यात तपासणीच्या बाकावर त्यांची नोकरीची सारी वर्षे गेली होती. जो दोष कोणाच्या तरी सोयीचा असतो तो आपोआप आलेला नसतो, एवढे त्या बाकाने त्यांना शिकवले होते.

मुलगा मयुरेश जर्मनीत, श्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागातल्या मोटार कारखान्यात इंजिनियर होता, सून स्पृहा सॉफ्टवेअर कंपनीत. दोघांनी भाड्याने वोनमोबिल घेतले होते. झोपायची, रांधायची, अंघोळीची सोय असलेली ती मोठी गाडी त्यांनी श्वार्ट्सवाल्डच्या डोंगराळ जंगलातल्या एका कॅम्पिंगच्या मैदानावर, ओढ्याकाठी आणून उभी केली होती. शिवांगी मात्र बरोबर नव्हती. ती श्टुटगार्टलाच राहिली होती, कारण सोमवारी पहाटे तिला कामावर हजर व्हायचे होते. आणि घरातला सगळा पेच त्या कामाचाच होता.

शिवांगीने पुढची शाळा सोडून आउसबिल्डुंग धरली होती, म्हणजे कामावर राहून शिकायचे तीन वर्षांचे शिक्षण. तेही कशाचे, तर धुराडी साफ करण्याचे. काळा डगला, पितळी बटणे, खांद्यावर तारेचा ब्रश. पोरगी छपरांवर चढत होती, भट्ट्यांचा धूर मापत होती, कोणाची चिमणी धोक्याची आहे ते लिहून देत होती. जर्मन शेजारी तिला पाहून हसून हात करत, कारण तिथे धुराडेवाला दिसणे हा शुभशकुन. मयुरेशने मात्र पुण्याच्या भास्करकाकांना आणि इतर नातेवाइकांना ती 'इमारतींच्या ऊर्जा क्षेत्रात' असल्याचे कळवले होते. धुराडी हा शब्द त्याच्या तोंडून निघत नसे.

यमुनाबाईंना त्या कळवण्यात नवे काही वाटले नाही. त्या स्वतः शासकीय तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेतलेल्या. सासरे त्यांना हसत हसत अर्धी इंजिनियर म्हणायचे, आणि मुलगा जर्मन सहकाऱ्यांशी ओळख करून देताना पूर्ण इंजिनियर म्हणायचा. दोघांनाही डिप्लोमा हा शब्द गिळायचा होता. एकाने थट्टेने गिळला, दुसऱ्याने मायेने.

निघण्यापूर्वी शिवांगीचा फोन आला होता. प्रादेशिक वाहिनीने काम शिकणाऱ्या मुलामुलींवर कार्यक्रम केला होता आणि त्यात ती होती. आजीचे मराठी तिला सगळे समजे, उत्तर जर्मनमध्ये येई. मी बघणार, असे यमुनाबाईंनी सांगितल्यावर पलीकडून प्रश्न आला, "उंड पापा?" बाबांचे काय, एवढे जर्मन यमुनाबाईंना येत होते. तोही बघेल, असे त्यांनी सांगून टाकले. एक वचन देता देता दोन झाली, आणि दुसरे त्यांच्या हातातले नव्हते.

दुपारी गाडीच्या छपरावरची तबकडी बटण दाबताच उठली, गोल फिरली, आकाश हुंगत राहिली आणि निमूटपणे मिटून बसली. मयुरेशने खांदे उडवले. "आई, गाडीच नाही म्हणतेय. उपग्रह दक्षिणेला, आणि दक्षिणेला हा डोंगर. कार्यक्रम मेडियाटेकवर, वाहिनीच्या इंटरनेटवरच्या साठ्यात, राहतोच. नंतर बघू की निवांत."

त्या नंतरची यमुनाबाईंना चांगलीच ओळख होती. पोरीच्या मास्तरांना भेटायचे होते ते नंतर. तिचा काळ्या डगल्यातला फोटो भिंतीवर लावायचा होता तोही नंतर. वर्ष उलटले तरी दोन्ही नंतर जिथल्या तिथे होते.

"नंतर नाही," त्या म्हणाल्या. "आज, साडेसातला. आणि तू सुद्धा."

मयुरेश हसला आणि वांगी भाजण्यासाठी कोळशाची शेगडी पेटवायला गेला.

न्हाणीघरांकडे जाताना यमुनाबाईंना तो मनोरा दिसला होता. दरीच्या तोंडाशी, दोन देवदारांच्या मधल्या फटीतून, पलीकडच्या डोंगरमाथ्यावर उभा असलेला तांबडा-पांढरा मनोरा. उपग्रह गेला उडत. जमिनीवरून प्रक्षेपण करणारा मनोरा डोळ्यांना दिसत असेल तर वाटेत डोंगर नाही, हे सांगायला कोणत्याही गाडीची गरज नव्हती. टीव्हीला तशी तार जोडायची सोय होती. हवा होता तो फक्त अँटेना.

तो त्यांना फ्राउ केस्लर यांच्याकडे मिळाला. या बाई शेजारच्या जागेत वर्षानुवर्षे मुक्कामाला होत्या. त्यांच्या कॅराव्हॅनची चाके गवतात रुतली होती आणि खिडक्यांना लेसचे पडदे होते. त्या रांगेतल्या जुन्या मुक्कामकऱ्यांच्या प्रत्येक छपरावर एकेक अँटेना होता, आणि यमुनाबाईंना त्यांची कीव आली, कारण सगळेच्या सगळे कलंडलेले होते. पुण्याच्या गच्च्यांवर त्यांनी जन्मभर अँटेना पाहिला होता तो माशाच्या काट्यासारखा, काड्या जमिनीला समांतर, कावळ्यांना बसायला सोयीचा. काड्या आकाशाकडे उभ्या झाल्या की समजायचे, वादळ येऊन गेले किंवा वानर. त्यांनी छपराकडे बोट दाखवून "विंड?" असे विचारले. फ्राउ केस्लर यांनी मान डोलावली, "या, या, विंड," म्हणजे हो, वारा, आणि दरीतल्या वाऱ्याबद्दल बरेच काही सांगितले. मग कॅराव्हॅनखालून दिवंगत नवऱ्याचा जुना, काठीवर बसवलेला अँटेना आणि तारेचे भेंडोळे काढून दिले आणि त्या बहिणीकडे जेवायला निघून गेल्या.

ओढ्याच्या बाजूला, जिथून मनोरा दिसत होता तिथे, सामाईक हिरवळीवर यमुनाबाईंनी काठी मातीत रोवायला घेतली. अर्धी रोवून झाली असेल नसेल तोच प्लाट्सवार्ट, म्हणजे मैदानाचा व्यवस्थापक, सायकलवरून आला. तो उंच, नीटनेटका आणि नियम तोंडपाठ असलेला गृहस्थ होता. आपल्या जागेबाहेर काहीही रोवायला मनाई आहे, असे त्याने स्पृहाला समजावले आणि काठी निघेपर्यंत तो तिथेच थांबला. मयुरेशने दुरून त्याची माफी मागितली. यमुनाबाईंनी मागितली नाही. त्यांनी काठी उपटली, मातीचा खड्डा पायाने बुजवला आणि ती गाडीच्या शिडीला बांधली.

शिडीवरून मनोरा जेमतेम दिसत होता. आत स्पृहा टीव्हीसमोर बसली. पडद्यावर दोन पट्ट्या होत्या, एक संदेशाच्या जोराची आणि एक त्याच्या दर्जाची. पूर्वी मुंग्या तरी दिसत, त्यांच्यातून आकृती ओळखता येई. आता चित्र आले तर आले, नाहीतर काळोख. यमुनाबाईंनी अँटेना डावीकडे वळवला, उजवीकडे वळवला, एकेक बोट सरकवला, प्रत्येक वेळी थांबून स्पृहाला विचारले. जोराची पट्टी थोडी चढे. दर्जाची पट्टी मेल्यासारखी पडून होती.

"अहो आई, बसा आता जरा," स्पृहा खिडकीतून म्हणाली. "सात वाजून गेले."

"येतंय पण ओळखू येत नाही," यमुनाबाई स्वतःशीच म्हणाल्या. "म्हणजे दिशा बरोबर आहे. चूक दुसरीकडे आहे."

"चूक ही आहे की आपण सुट्टीवर आलोय," मयुरेश शेगडीजवळून बोलला. "लोक बघतायत, आई."

"बघू देत. त्यांच्याकडे टीव्ही लागतोय, तरी ते मला बघतायत. तुझ्याकडे लागत नाही, तरी तू वांगी बघतोयस."

त्या घडीच्या खुर्चीवर टेकल्या आणि समोरच्या रांगेकडे पाहू लागल्या. एका कॅराव्हॅनमधून बातम्यांचा आवाज येत होता. कलंडलेल्या अँटेनावर बातम्या लागतात कशा? त्यांनी एकेक छप्पर पाहिले. वारा सुटला तर एक अँटेना थोडा कलेल, दुसरा मोडेल, तिसरा तसाच राहील. इथे सगळे एकाच काटकोनात होते. आणि ही माणसे तर अशी, की कुंपणाची मेंदी दोरी लावून कापतात. ती आपले अँटेना पडलेले ठेवतील? कलंडले होते ते अँटेना नव्हते. कलंडली होती ती यमुनाबाईंची समजूत.

तंत्रनिकेतनातल्या सरांनी खिडकीच्या उभ्या गजांतून एक दोरी ओवून दाखवली होती. दोरी वर-खाली हलवली तर लाट गजांतून पलीकडे जाते. आडवी हलवली तर गजावर आपटून मरते. लाटेलाही उभे-आडवे असते. परीक्षेत त्यावर त्यांनी पानभर उत्तर लिहिले होते आणि पुढे त्याची कधी गरज पडली नव्हती, कारण त्यांच्या आयुष्यातल्या सगळ्या लाटा आडव्याच होत्या. या मनोऱ्याची लाट उभी होती. शेजारणीने ते डोळ्यांसमोर ठेवले होते आणि आपण तिला वाऱ्याचे विचारत बसलो होतो. यमुनाबाईंना स्वतःचा राग आला, आणि त्या रागाचा त्यांना फायदाच झाला.

अँटेना काठीला धरणारी कडी गंजून गच्च बसली होती. ती फिरेना. मग काठीच आडवी करायची. शिडीला ती तशी बांधता येत नव्हती. यमुनाबाईंनी गाठी सोडल्या, काठी दोन्ही हातांत आडवी घेतली, तार मोकळी करत हिरवळीवर गेल्या आणि मनोऱ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. काड्या आता आकाशाकडे ताठ झाल्या.

"आई!" स्पृहाचा आवाज फाटला. "हलू नका. आलं. सगळं आलं."

सायकलची घंटाही त्याच वेळी वाजली. प्लाट्सवार्ट उतरला, त्याने हिरवळ, काठी आणि बाई यांच्याकडे क्रमाने पाहिले आणि तो नियम पुन्हा सांगू लागला. स्पृहा दारात येऊन भाषांतर करू लागली, तिला यमुनाबाईंनी थांबवले.

"त्याला विचार, काही रोवलंय का? खड्डा आहे का? काठी माझ्या हातात आहे. हातात काठी घेऊन म्हातारीनं हिरवळीवर उभं राहायला मनाई असेल तर तो नियम दाखव म्हणावं. तोवर मी इथंच आहे."

स्पृहाने ते शब्दशः सांगितले, आणि आवाजही तोच ठेवला. इतक्या वर्षांत सासूचे एवढे बिनचूक भाषांतर तिने कधी केले नव्हते. प्लाट्सवार्टने थोडा विचार केला. असा नियम नव्हता, आणि नसलेला नियम सांगणारा तो माणूस नव्हता.

मयुरेश चिमटा ठेवून आला होता. साडेसात होत आले होते. त्याने आईच्या हातांकडे पाहिले. काठी जड होती, बोटे लाल झाली होती.

"दे इकडे," तो म्हणाला. "मी धरतो. तू आत जाऊन बघ. तुलाच बघायचं होतं ना."

बोलण्यात काळजी होती, खोटी नव्हती. पण तपासणीच्या बाकावर काढलेल्या वर्षांनी यमुनाबाईंना त्या काळजीची दुसरी बाजूही दाखवली. काठी धरणाऱ्याची पाठ पडद्याकडे राहणार होती. काठी धरली की बघायला नको, आणि वर आईसाठी केले असेही होणार. दोन वचनांपैकी त्यांना आज एकच पाळता येणार होते. सोपे कोणते, हे ठरवायला त्यांना वेळ लागला नाही, आणि सोपे त्यांनी सोडून दिले.

"मी धरलंय. तू आत जा."

"आई, अगं हात बघ तुझे—"

"माझे हात मला माहीत आहेत. पोरीनं विचारलंय, बाबा बघणार का. मी हो म्हणून बसलेय. मला खोटं पाडायचं असेल तर इथं उभा राहा."

तो उभा राहिला. आतून कार्यक्रमाचे संगीत सुरू झाले. मग त्याने बूट काढले, नेहमीसारखे जोडीने ठेवले आणि पायरी चढून आत गेला.

यमुनाबाईंना मनोरा दिसत होता, बाकी काही नाही. मागून शिवांगीचा आवाज आला, स्पष्ट, न अडखळता. तिचे जर्मन भराभर डोक्यावरून जात होते. तिने हसून काही सांगितले. छपरावरचे वारे ऐकू आले, ब्रशची खरखर ऐकू आली. प्लाट्सवार्ट गेला नव्हता. त्याने खिडकीतून आत डोकावले, मग यमुनाबाईंकडे पाहिले. "एन्केलिन?" नात का, असे त्याने विचारले. यमुनाबाईंनी मान हलवली, काठी नाही. तेव्हा त्या गृहस्थाने आपल्या सदऱ्याचे बटण दोन बोटांत धरून फिरवले, जसे तिकडे धुराडेवाला दिसला की शकुनासाठी फिरवतात, आणि तो सायकल हाती धरून चालत निघून गेला.

संगीत पुन्हा वाजले आणि थांबले.

मयुरेश दारात आला तेव्हा त्याला बूट सापडेनात. होते तिथेच होते. "कडेला उभी होती, आई," तो म्हणाला. "कौलांच्या अगदी कडेला. हात सोडून."

"दोर असेल कमरेला. तपासल्याशिवाय ती पाय टाकायची नाही."

"दोर होता. कुठला दगड सुटलाय ते तिनं घरमालकाला सांगितलं, तर तो मोठा माणूस गप्प ऐकत होता." मग आवाज खाली आणून म्हणाला, "पुण्याला भास्करकाकांना काय सांगायचं?"

"धुराडी साफ करते, असं सांग. एवढ्याच शब्दांत. आणि सांगतोच आहेस तर माझा डिप्लोमा होता, हेही सांग."

तो हिरवळीवर अनवाणी उतरला आणि काठीचे दुसरे टोक त्याने धरले. यमुनाबाईंनी आपले टोक सोडले नाही. आतून स्पृहाने विचारले की आता टीव्ही बंद करू का.

"राहू दे," यमुनाबाई म्हणाल्या. "हा धरतोय. मी आत येऊन बातम्या बघते."