फ्रिजवरची वाटणी

औताड्यांची वाटणी झाली ती एका रविवारी सकाळी, फ्रिजच्या दारावर, चार चुंबकांच्या साक्षीनं. पण ती झालीच नाही, असं घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवलेलं आहे. तेव्हा आपणही तसंच धरून चालू. झालं एवढंच, की सोनियानं फ्रिजवर एक कागद लावला, दोन पावलं मागं सरकली आणि मान तिरपी करून बघत राहिली.

कागदावर एक गोल होता. मेदूवड्यासारखा, मध्ये भोक असलेला. सोनियाचं कामच ते. शहरातल्या कॅनॉट बाजाराजवळच्या एका ऑफिसात ती दिवसभर लोकांच्या आकड्यांची चित्रं करायची. कुठल्या तालुक्यात किती कापूस, कुठल्या शाळेत किती मुली. शंभर पानांचा अहवाल ती एका पानात असा बसवायची, की साहेब लोकांना तो न वाचता मान डोलवता यावी. आपल्याच घराचं चित्र मात्र तिनं पहिल्यांदा काढलं होतं, आणि त्याला कारण सासूबाईंची टाच.

सत्यभामाबाईंच्या टाचेचं हाड वाढलं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, तीन आठवडे उभं राहायचं नाही, नाहीतर ऑपरेशन.

“उभी कुठं राहते मी?” घरी आल्यावर त्या म्हणाल्या. “मी तर चालत असते.”

सांगून उपयोग नव्हता. म्हणून सोनियानं आठवडाभर गुपचूप मोजलं. घरात एकशे अठरा कामं झाली. त्यातली चौऱ्याऐंशी सत्यभामाबाईंनी केली होती, एकवीस सोनियानं, दहा तिच्या नवऱ्यानं, म्हणजे सुदर्शननं, आणि तीन तात्यासाहेबांनी. तात्यासाहेब तिचे सासरे. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या तीन कामांपैकी एक ‘पंख्याला नावं ठेवणे’ हे होतं, पण ते सोनियानं दया म्हणून धरलं होतं.

रंग तिनं विचार करून निवडले. सासूबाईंना भरताच्या वांग्याचा जांभळा, म्हणजे लांबूनही डोळ्यांत भरावा. तात्यासाहेबांची पिवळी फाक मिरचीच्या देठाएवढी झाली. प्रत्येक फाकेच्या कडेला बारीक अक्षरांत नाव. गोलाच्या वर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘कोणाचा वाटा किती?’ आधी ‘कोणाचा कामाचा वाटा किती?’ असं होतं. पण त्यानं एका ओळीच्या दोन ओळी होत होत्या आणि ते दिसायला बरं दिसत नव्हतं. ‘कामाचा’ तिनं काढून टाकलं. चित्र देखणं झालं.

सत्यभामाबाई दूध ठेवायला आल्या आणि पातेलं हातात धरून थबकल्या.

“हे जांभळं कोण गं?”

“तुम्ही.”

“एवढी?”

“एवढ्या. म्हणून तर म्हणते आई, आता तरी बसा.”

पण सत्यभामाबाई काही घाबरल्या नाहीत. त्यांनी पातेलं ओट्यावर ठेवलं, चष्मा आणला आणि जांभळ्या रंगावरून बोट फिरवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या. वेळ लागला. मग मोबाईल काढून त्यांनी फोटो घेतला. सोनिया आंघोळीला गेली, तेवढ्यात तो फोटो ‘औताडे परिवार’ नावाच्या ग्रुपवर गेलाही. सोबत आवाज: “बघा बाई, सगळ्यात मोठा वाटा माझा निघाला.”

बाराच्या आत दार वाजलं. दारात साहेबराव, तात्यासाहेबांचे थोरले भाऊ. काखेत पिशवी, पिशवीत गुंडाळलेला नकाशा. गावाकडची, देवगाव रंगारीची जमीन अजून दोघा भावांची एकत्रच होती. साहेबराव ती करत आणि तात्यासाहेब वर्षातून दोनदा जाऊन ती छान चाललीय असं सांगून येत. साहेबरावांनी पाणी घेतलं नाही. चपलाही काढल्या नाहीत. ते तडक फ्रिजपुढं जाऊन उभे राहिले.

“मला इचारलं बी नाय, तात्या?”

“काय विचारायचं, दादा?”

“काय म्हणजे? हे जांभळं नदीकडचं काळं रान ना? ते समदं बाईच्या नावानं. हिरवं पोराला, केशरी सूनबाईला. आन तुला काय, तर हा बांध!” त्यांनी तात्यासाहेबांच्या पिवळ्या फाकेवर नख ठेवलं. “निस्ता बांध घेऊन तू सही केली? कचेरीत जिंदगी गेली ना रे तुझी?”

तात्यासाहेबांनी पहिल्यांदाच तो गोल नीट पाहिला. सकाळपासून तो त्यांना कॅलेंडरच वाटत होता.

“आन ही विहीर कोणाकडं गेली?” साहेबरावांनी विचारलं.

“कुठली विहीर, मोठे बाबा?” सोनिया म्हणाली.

“ही काय, मधली.” साहेबरावांनी गोलाच्या पांढऱ्या भोकावर तळवा टेकवला. “विहीर सामाईक राहील, सांगून ठेवतो. आमच्या बापानं, आबांनी, आन मी फोडलीय ती. तवा हा चड्डीत होता.”

मग त्यांनी पुन्हा एकदा सगळा गोल डोळ्यांखालून घातला. या खेपेला सावकाश. त्यांचा आवाज उतरला.

“समद्यायचं नाव हाय. माझंच नाय कुठं.”

ज्या चित्राशेजारी उभं राहून समजवावं लागतं ते चित्र फसलं, असं ती ऑफिसात नव्या पोरांना सांगायची. आता ती त्या चित्राशेजारी उभी राहिली आणि समजावू लागली. हे रान नाही मोठे बाबा, काम आहे. झाडू, भांडी, दळण, चहा. जांभळं म्हणजे आईंची कामं. मधली विहीर नाही. ते नुसतं भोक आहे, शोभेचं.

“शोभेचं?”

“हो.”

“मंग काम म्हणून लिहायचं ना वर.”

“मावत नव्हतं,” सोनिया म्हणाली.

साहेबराव खुर्चीत बसले. बसल्यावर त्यांना चपला दिसल्या. त्या त्यांनी हळूच पायानं खुर्चीखाली सारल्या. मग ते हसले, तात्यासाहेब हसले, आतल्या खोलीत रात्रपाळी करून झोपलेला सुदर्शन उठून आला आणि काय झालं ते न कळताच हसला. हसत नव्हत्या त्या एकट्या सत्यभामाबाई. डोक्यावर पदर घेऊन, एका पायावर भार टाकून त्या फ्रिजला टेकून उभ्या होत्या.

“चूक माझीच आहे,” सोनिया म्हणाली. “आई, मी दुसरं काढते. आता तुमच्यातलं निम्मं कमी करू. भांडी सुदर्शन घेईल, दळण मी—”

“काढायचं नाय.”

थोरल्या दिरासमोर सत्यभामाबाई थेट बोलत नसत. मध्ये कोणीतरी लागे; माणूस नसलं तर मांजरही चाले. आत्ता त्या फ्रिजशी बोलत होत्या.

“एक्केचाळीस वर्षं झाली मला या घरात येऊन. सात-बारा ह्यांच्या नावानं. गॅसचं बुक ह्यांच्या नावानं. ह्या फ्लॅटच्या कागदावर सुदर्शन. माझ्या नावावर पहिल्यांदा कायतरी लागलं, सकाळी. दुपारपर्यंत त्यातलं निम्मं कापून घेता व्हय?”

बोलणं लाडिकच होतं. पण त्यांचा हात कागदाच्या जांभळ्या बाजूवर पसरलेला होता, चुलीवरल्या दुधाला फुंकर घालावी तितक्या जवळ तोंड नेऊन त्या तो बघत होत्या, आणि दुखरी टाच जमिनीपासून वर उचललेली होती. सोनिया खूप आकडे हाताळलेली मुलगी. चौऱ्याऐंशी हा आकडा कमी करायचा म्हणजे काय करायचं, हे तिला काही केल्या सुचेना.

“राहू दे गं पोरी,” साहेबराव म्हणाले. “राहू दे बाईच्या नावानं.”

मग त्यांनी चहा मागितला. तो करायला चौघं एकदम सरसावले, आणि केला अर्थातच सत्यभामाबाईंनी. जाताना दारात साहेबरावांनी सोनियाला बाजूला घेतलं.

“आमच्या घरचा बी असा एक गोल काढतीस का?”

“काढते की. मोठ्या आईला आठवडाभर मोजायला सांगा.”

साहेबरावांनी थोडा विचार केला.

“नको,” ते म्हणाले, “मंग तिलाबी समजल,” आणि नकाशाची पिशवी काखेत मारून बसस्टँडच्या रिक्षात बसले.

दुपारभर तात्यासाहेब दिसले नाहीत. टीव्ही बंद. पंख्याबद्दल एक अक्षर नाही. संध्याकाळी सोनिया पाणी घ्यायला आली, तेव्हा गोलाच्या खाली एक दुसरा कागद लावलेला होता. रेघा मारलेला, डाव्या बाजूला समास सोडलेला, अक्षर कचेरीतलं. शाई अजून वाळली नव्हती. स्वयंपाकघराच्या दाराआड कोणीतरी घसा खाकरला. सोनियानं तिकडं न बघता वाचायला घेतलं.

प्रति,
मा. सौ. सत्यभामाबाई औताडे,
स्वयंपाकघर, यांचे सेवेशी.

विषय : चहा व इतर किरकोळ कामे बटईने मिळणेबाबत.

महोदया,

अर्जदार हा आपला पती असून गेली एक्केचाळीस वर्षे आपल्या हातचा चहा घेत आहे. वर जोडलेल्या गोलातील जांभळे क्षेत्र आपल्या एकटीच्या मालकीचे असून ते कायम आपल्याच नावे राहील, याबद्दल अर्जदाराची अथवा त्याच्या वारसांची कोणतीही हरकत नाही. तथापि आपल्या टाचेची सद्यस्थिती विचारात घेता, सदर क्षेत्रापैकी दोन वेळचा चहा, दूध तापवणे व भांडी पुसून लावणे एवढा भाग तीन आठवड्यांकरिता अर्जदारास बटईने देण्यात यावा. मालकी आपली राहील, कष्ट अर्जदाराचे राहतील.

तसेच अर्जदार चहा करीत असताना मालकांनी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून पाहू नये व साखर किती घातली याबाबत विचारणा करू नये, ही नम्र विनंती.