खडके पुन घरी जेवायला आला

गावचं छोटं वीजघर सुरू झालं तेव्हापासून ते चालवणाऱ्या खडके पुनच्या साऱ्या संध्याकाळी ओढ्याकाठीच गेल्या. दिवेलागणीला घरोघरी भाताचे विजेचे कुकर लागत, दिवे मंदावत, आणि तो पाण्याची झडप जराजराशी उघडत वीज सावरून धरी. बायको, दिलसरी, डबा पाठवी. मुलगी मनमाया तशीच मोठी झाली, लग्न होऊन पोखरा शहरात गेली.

त्या दुपारी वीजघर देशाच्या ग्रिडला जोडायचं होतं. नव्या पॅनेलवरचा काटा गरगर फिरत होता.

"दाजू, झडप हळू," थोरल्या भावाला हाक मारावी तशी इंजिनियर सरिता त्याला म्हणाली. "आपलं यंत्र ग्रिडच्याच चालीने चालायला हवं. घाई झाली तर दणका बसेल."

खडकेने हात हलका ठेवला. काटा मंदावला, वर येऊन जवळजवळ थांबला. सरिताने बटण दाबलं. खट्ट! दिवा लुकलुकलासुद्धा नाही.

"झालं?"

"झालं. संध्याकाळचा भार आता ग्रिड सांभाळेल. काही बिघडलं तर यंत्र आपणहून सुटं होईल, तुमचा फोन वाजेल. जा घरी."

तरी तो रेंगाळलाच. यंत्राला तेल दिलं, जमीन झाडली. शेवटी सरिता हसली, "वहिनींनी हाकललंय की काय घरातून?"

दिवेलागणीला दारात त्याला पाहून दिलसरी दचकली.

"काय हो मनमायाचे बा, बरं नाही का? मशीन बंद पडलं?"

"चालू आहे. मी सुटलो."

"सुटलात? कामावरून काढलं?"

"अगं, जेवायला आलोय!"

"आणि डबा पाठवला त्याचं काय?"

खडकेने पिशवीतून डबा काढला. तो घेऊन निघालेली शेजारीण वाटेतच भेटली होती.

दोघं चुलीपाशी नाचणीच्या पिठाचा घट्ट ढिंडो खायला बसली. खडके सारखा दिव्याकडे बघत होता.

"दिव्यात काय बघता? मी इथे बसलेय."

तो ओशाळला. "सवय गं, म्हातारे."

"मलाही होती," ती म्हणाली. "दिवा मंद होऊन पुन्हा उजळला की म्हणायचे, ठीक आहे म्हातारा. मग माझ्या घशाखाली घास उतरायचा."

हे तिने आजवर कधी सांगितलं नव्हतं. खडके खाली मान घालून जेवत राहिला.

"उद्याही येणार?" तिने विचारलं.

"रोज."

दिलसरीने तुपाचं भांडं पुढे ओढलं. त्याच्या ताटात तूप जरा जास्तच पडलं.