पाच सालची रेघ

संयोगिताबाई राजारामपुरीत क्लासला इतिहास शिकवतात आणि रविवारी सकाळी पंधरा-वीस माणसांना घेऊन पायी गाव हिंडतात. देऊळ, राजवाडा कुणीही दाखवतं. बाईंचा जीव गल्ल्यांतल्या बुजलेल्या गोष्टींत. नदीकडं उतरणाऱ्या या गल्लीत मात्र त्या सहा वर्षं फिरकल्या नव्हत्या. परवा जोतीरामचा फोन आला.

"बाई, घर पाडतोय पुढल्या आठवड्यात. त्याआधी एकदा माणसं घेऊन या."

एवढंच. आवाजात राग होता का, हे कळायला त्यानं जागाच ठेवली नाही.

जोतीराम हा चिमणाबाईंचा मुलगा, इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला. चिमणाबाई इथं एका म्हशीच्या सोबतीनं राहायच्या. घराच्या भिंतीवर, छातीएवढ्या उंचीवर, दोन हजार पाचच्या पुराची रेघ होती. दर शनिवारी त्या ती गेरूनं ताजी करायच्या, उद्या लेकीला बघायला पाहुणे यायचे असल्यासारखी. मग रविवारी दारात उभं राहून बाईंचं भाषण ऐकायच्या. भाषणाचा शेवट ठरलेला: "नदीनं ही रेघ कधी ओलांडलेली नाही, आणि ओलांडणारही नाही." टाळ्या पडायच्या. पहिला अर्धा भाग गल्लीतल्या म्हाताऱ्यांचा होता. दुसरा बाईंनी टाळ्यांसाठी जोडलेला.

दोन हजार एकोणीसच्या ऑगस्टात पुन्हा पूर आला, लोकांना काढायला होडी दोनदा आली. होडीतली माणसं हाका मारून दमली. चिमणाबाई दारातून म्हणाल्या, "रेघेच्या वर येत न्हाय पाणी. बाई सांगत्यात की दर ऐतवारी." शेजारीण तेव्हा होडीत होती, पूर ओसरल्यावर तिनं हे बाईंना जसंच्या तसं सांगितलं. तिसऱ्यांदा होडी आली तेव्हा ओ द्यायला कुणी नव्हतं. म्हैस तेवढी पोहून निघाली. शेवटच्या घटकेला चिमणाबाईंनी तिचं दावं सोडलं असणार.

जोतीरामला हे ठाऊक आहे का, हे बाईंनी सहा वर्षांत विचारलं नव्हतं.

आज तो भिंतीला टेकून उभा होता. केस पिकलेले, कानावर मागावरच्या कापसाचा एक बारका पुंजका.

"चहा सांगू?" बाई म्हणाल्या.

"आधी तुमचं होऊ द्या."

लोकांनी अर्धगोल केला. गेरू पार फिकटला होता, पण रेघ दिसत होती. जुनं भाषण जिभेवर तयार बसलं होतं, निर्लज्जासारखं. बाईंनी ते गिळलं.

"इथं चिमणाबाई राहायच्या," त्या म्हणाल्या. "पाणी या रेघेच्या वर येणार नाही, असं मी दर रविवारी छातीठोक सांगायचे. मला काहीएक माहीत नव्हतं. त्यांनी माझं ऐकलं आणि त्या घरातून निघाल्या नाहीत."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एकानं मोबाईल खाली घेतला.

"मला ठावं हाय," जोतीराम म्हणाला. "पुरात आईचा फोन आलता. मागांच्या खडखडाटात ऐकू येईना म्हणून भाईर येऊन बोललो. म्हणाली, बाई असं सांगत्यात, आन म्हैस आठ दिसांत व्यायला झालीया. मी म्हणलं, मग ऱ्हा की. शिकलेली बाई हाय, उगंच सांगंल व्हय?"

बाईंनी त्याच्याकडं पाहिलं. तो रेघेकडं बघत होता.

"पोलिसांस्नी सांगितलं, मी चल म्हणत हुतो, तीच आली न्हाय. बहिणीलाबी तसंच सांगितलं. ती अजून आईलाच हट्टी म्हणती." त्यानं अंगठ्यानं रेघ घासली, अंगठा पुसट लाल झाला. "घर गेल्यावर कुठं उभं राहून सांगणार तुम्ही, काय म्हाईत. पर सांगताना माझंबी सांगा."

"नावासकट?"

"नावासकट. बहीण राजारामपुरीतच असती. ऐकंल कधीतरी."

मागं उभी असलेली तेजस्वी नावाची कॉलेजातली मुलगी हळूच म्हणाली, "मग एकोणीसची रेघ कुठाय?"

जोतीरामनं कोपऱ्यातला बांबू उचलला. भिंतीवरून, कौलांवरून नेत तो गल्लीपलीकडच्या विजेच्या खांबाकडं वर धरला.

"तिथं," तो म्हणाला. "आमची भिंत पुरली न्हाय."