नियमित क्रियापदांची आजी

“म्हणजे ‘आर’ उचकटायचा आणि तिथे ‘आबा’ बसवायचा,” पंपवाले म्हणाले. “कांतार, गाणे. कांताबा, ती गायची.”

“बरोबर. ‘एर’ आणि ‘इर’वाल्यांना ‘इया’,” स्पॅनिशच्या बाई म्हणाल्या. “पूर्वी रोज घडायचं ते सांगायला हाच काळ. पण काका, हा उचकटलेला ‘आर’ वहीच्या समासात कशाला लिहिलाय?”

“जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा लागतो. नाहीतर बदललाच नाही म्हणतात.”

चाळीस वर्षं पाण्याचे पंप दुरुस्त केलेल्या माणसाशी बाईंनी वाद घातला नाही. या काळात नियम मोडणारी क्रियापदं तीनच, असं त्यांनी सांगितलं तेव्हा पंपवाल्यांनी मान डोलावली. “एवढ्या मालात तीनच खराब? कंपनी चांगली दिसते.” ती तीन मात्र त्यांनी बाजूला काढली. खराब माल बसवून नाव कोण घालवणार?

शिकायची घाई होती ती नातीसाठी. पोर सहा वर्षांची, परदेशात जन्मलेली, बोलायची फक्त स्पॅनिश. आजी गेली ती तिने न पाहिलेलीच. दर रविवारी फोनवर ती विचारायची, आजी कशी होती? पंपवाले पाच मिनिटं सांगत, आणि लेक त्याचं तीन शब्दांत भाषांतर करी. “छान होती म्हटलं, बाबा.” तीन शब्दांसाठी कोणी अडतीस वर्षं संसार करत नाही.

रविवारी सकाळी त्यांनी दाढी केली, फोन डब्याला टेकवून उभा केला आणि लेकीला म्हणाले, “तू आज तोंड उघडायचं नाहीस.”

‘होती’ नेमकं त्या खराब तिघांत, म्हणून आजी कशी होती ते सांगायची सोय नव्हती. ती काय काय करायची, एवढंच.

“कांताबा,” ते वाचू लागले. गायची. “आर. ग्रिताबा.” ओरडायची. “आर. एस्कोंदिया.” किल्ल्या लपवायची. “एर.”

प्रत्येक वाक्यामागून आजोबा जुना पार्ट परत देतात म्हणून नात खिदळू लागली. मग तीही देऊ लागली. सातव्या वाक्याला, एस्पेराबाला, लेक मात्र हसली नाही.

“बाबा, आई कोणाची वाट बघायची?”

“माझी. काम लांबलं की फाटकाशी उभी राहायची.”

“कधी बोलला नाहीत.”

“तू कधी विचारलंस?”

“इ के मास?” नात ओरडली. आणखी काय? एवढं त्यांना भाषांतराशिवाय कळलं. पण वाक्यं सातच होती.

“पुढच्या रविवारी म्हणावं,” ते म्हणाले. लेकीने पहिल्यांदाच एकही शब्द न गाळता ते पोचवलं.

फोन बंद झाल्यावर त्यांनी पुस्तकाच्या शेवटची नियमित क्रियापदांची यादी काढली. बायको जे जे करायची त्यावर पेन्सिलीने खूण करत निघाले. धुणे. शिवणे. भांडणे. झाकून ठेवणे. ‘प्रवास करणे’पाशी पेन्सिल थांबली. तसं क्रियापद नियमित होतं, अगदी सोपं. थोड्या वेळाने ते कोरंच सोडून त्यांनी पान उलटलं.